न उडणाऱ्या बंदुका

"कशाने गेली?"

सिंगापुरात तोआ पायोहच्या त्या फ्लॅटमध्ये मी भाडेकरू म्हणून राहायला गेले, त्या पहिल्याच संध्याकाळी घरमालक फोनवर कुणाला तरी इंग्रजीत हा प्रश्न विचारत होते. आवाज हळू, समजुतीचा. पलीकडून लांबलचक उत्तर आलं. त्यावर ते म्हणाले, "अरेरे. आणि दाखला मिळाला का?" मी बॅग दाराशी ठेवली, आवाज न करता चपला काढल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, कुजबुजत विचारलं, "कुणी जवळचं होतं का?"

काकू पोळ्या लाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रायफल आहे. इंग्लंडमधली. तू हातपाय धू आणि जेवायला बस."

काकांचा छंद एका वाक्यात सांगता येतो, पण ते वाक्य ऐकून लोक जरा मागे सरकत. सैन्याने मोडीत काढलेल्या, परत कधीही न उडणाऱ्या रायफली ते शोधत. जगात कुठेही. शाळांच्या कवायतीच्या खोल्या, जुन्या मालाची गोदामं, शेतकऱ्यांच्या शेड. नळीत लोखंडी खुंटी ठोकून वेल्डिंग केलेल्या, गोळी आत सारणारा बोल्ट जागच्या जागी जाम केलेल्या रायफली. कुणाला संग्रहालयात मांडायला अख्खी हवी असे, कुणाला अर्धवट असलेली पुरी करायला एखादा भाग हवा असे. काका ती वस्तू हुडकून द्यायचे आणि बाजूला व्हायचे. रायफल निकामी केल्याचं प्रमाणपत्र असतं, त्याला ते 'मयताचा दाखला' म्हणत.

"जिवंत बंदूक दुकानात मिळते," ते म्हणत. "मेलेली शोधायला नजर लागते."

सिंगापुरात मात्र मेलेलीलासुद्धा घरात जागा नाही. निकामी रायफलही परवान्याशिवाय ठेवता येत नाही, हुबेहूब दिसणारं खेळणंही नाही. त्यामुळे बंदुकांनी झपाटलेल्या या माणसाच्या घरात बंदूक एकही नव्हती. देवघराशेजारच्या कपाटात काय ते रायफलच्या तेलाची पितळी कुपी आणि खांद्याला अडकवायचा एक चामडी पट्टा. पट्टा आणण्याआधी ते त्याचा फोटो घेऊन पोलीस चौकीवर गेले होते. बरोबर काकू होत्या, त्यामुळे तो संवाद मला शब्दशः माहीत आहे.

"अंकल, हा पट्टा आहे," तिथला तरुण अधिकारी म्हणाला.

"रायफलचा पट्टा आहे."

"मग रायफल कुठे आहे?"

"नाहीये."

"मग नुसता पट्टाच ना, अंकल!"

"ते लिहून द्या."

लेखी उत्तर ईमेलने आलं तेव्हाच पट्टा घरात आला. उत्तराची छापील प्रत पट्ट्याला गुंडाळलेली असे.

लोक पहिला प्रश्न विचारत की तुमच्या घराण्यात कुणी फौजेत होतं का. या प्रश्नाचा काकांना संताप येई. "आमच्या घराण्यात कुणी काठीसुद्धा उगारलेली नाही. आजोबा पोस्टात, वडील विम्यात. मी स्वतः टाचणी पडली तरी दचकतो." ते खरं होतं. त्यांनी जन्मात बंदूक उडवली नव्हती. आवाजाची त्यांना मनापासून भीती. तरुणपणी नाशिकहून इथे आले आणि इथलेच झाले, त्याचं कारण सिंगापुरात फटाक्यांना बंदी आहे हे होतं, असं काकू सांगत, आणि ते नाकारत नसत. आता दोघं मुलीकडे पर्थला असतात. तिथे रीतसर परवाना मिळू शकेल असं मुलगी म्हणाली, तर म्हणाले, "घरात बंदूक? मला झोप लागणार नाही."

मग हे वेड आलं कुठून? माझं मत असं की ते त्यांच्या नोकरीतून आलं. तांजोंग पगारच्या एका बँकेत त्यांनी सगळी हयात कर्जाचे अर्ज तपासण्यात घालवली. समोरचा काय सांगतो आणि काय झाकतो, हे बघायची सवय हाडात मुरलेली. आधी कागद बघ, मग माणूस बघ, मग परत कागद बघ. निवृत्त झाल्यावर माणसं संपली आणि नजर उरली. ती त्यांनी रायफलींकडे वळवली.

खिशात कायम एक छोटी टॉर्च. हॉकर सेंटरवर, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, पपई घेतानासुद्धा टॉर्च मारून बघत. लाकडाचं तर विचारूच नका. ईस्ट कोस्टला एका ओळखीच्या कुटुंबाने नवा कॉन्डो घेतला, तिथे वास्तुशांतीला आम्ही गेलो होतो. जेवणाच्या वेळी काका दिसेनात. शेवटी ते जेवणाच्या टेबलाखाली सापडले, टॉर्चसकट. बाहेर येऊन यजमानांना म्हणाले, "रबराचं लाकूड आहे. अक्रोड म्हणून दिलंय तुम्हाला." यजमानांच्या हातातलं श्रीखंडाचं भांडं तसंच राहिलं. येताना टॅक्सीत काकू एवढंच बोलल्या, "पुढच्या वास्तुशांतीला मी एकटी जाणार आहे."

मी एका वित्तकंपनीत ऑडिटमध्ये होते, म्हणून ते मला 'ऑडिटर' म्हणत. "ऑडिटर, इकडे ये, ही बाई खोटं बोलतेय का बघ." ही बाई म्हणजे लॅपटॉपवरची रायफल. त्यांच्यामुळे मला कळलं की जुन्या रायफलवर एकच नंबर चार ठिकाणी ठोकलेला असतो: मुख्य सांगाड्यावर, बोल्टवर, नळीच्या टोकाच्या टोपीवर, नेम धरायच्या पट्टीवर. चारही जुळले तर ती जन्मापासून एकसंध. नाही जुळले तर चार जणींची मिळून एक. "पत्रिका जुळत नाही," म्हणून काका एका क्षणात लॅपटॉप मिटत. विकणारा कितीही गोड बोलो. एकदा एकाने फोटोतला नंबर नव्याने ठोकून जुळवला होता. काकांनी त्याला फोटो खिडकीच्या तिरप्या उजेडात परत काढायला लावला आणि आकड्याच्या कडेचा ताजा चकाकता धातू दाखवला. तो माणूस पुढे वर्षभर त्यांना सणांच्या शुभेच्छा पाठवत होता. भीतीने पाठवत असावा.

आता मूळ गोष्ट. मी सांगितली नाही तर ती कुणी सांगणार नाही. काका स्वतः सांगताना त्यातली स्वतःची चूक तेवढी सांगतात आणि थांबतात.

शहरात एका जुन्या शॉपहाउसच्या, म्हणजे खाली दुकान आणि वर घर अशा इमारतीच्या, वरच्या दोन मजल्यांवर एक खासगी युद्धसंग्रहालय आहे. वडिलांनी जमवलेलं, मुलीने सांभाळलेलं. मुलगी म्हणजे साठी उलटलेल्या चिनी बाई. परवाने, पोलीस तपासण्या, कुलपं, सगळं त्यांच्याकडे रीतसर. काका तिथे आठवड्यातून एकदा जात, वस्तूंची वर्णनं लिहून देत आणि चुका काढत. त्या दोन मजल्यांवर ब्रिटिश होते, ऑस्ट्रेलियन होते, जपानी होते. आपला माणूस एकच होता: काचेच्या पेटीत उभा, बेचाळीस सालचा हिंदुस्थानी शिपाई. खाकी अर्धी चड्डी, पायांना पट्ट्या, पुतळ्याचा चेहरा कुणा चिनी कारागिराने केलेला, त्यामुळे डोळे जरा चिंचोळे. काकांना चेहऱ्याचं काही वाटत नसे. त्यांचा जीव अडकला होता त्याच्या हातातल्या रायफलीत.

"ही चूक आहे," ते बाईंना दर महिन्याला सांगत. "मलायात आपल्या शिपायांकडे ही नव्हतीच. ही नंतरची. त्यांच्याकडे होती ती जुनी, बसक्या नाकाची, हिंदुस्थानात ईशापूरला झालेली."

"अंकल, बघणाऱ्याला काही कळत नाही ला." वाक्याच्या शेवटी 'ला' ही इथल्या बोलण्याची लकब.

"बघणाऱ्याला कळत नाही, म्हणूनच दाखवणाऱ्याला कळलं पाहिजे."

हे असं बरीच वर्षं चाललं. मग एका शनिवारी बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "ओके अंकल. तुमचं बरोबर. रायफल चूक आहे. मग चुकीची वस्तू मी कशाला ठेवू? शिपायाला गोडाउनमध्ये ठेवते. इथे सायकल ठेवते."

जपानी सैन्य सायकलींवर बसून मलायातून खाली उतरलं होतं, तशी एक जुनी सायकल बाईंना मिळाली होती. लोकांना सायकल आवडते, फोटो काढतात, असं त्यांचं म्हणणं.

काका पांढरे पडले. "आणि बरोबर रायफल आणली तर?"

"इयर-एंडपर्यंत आणा. शिपाई राहील. नाहीतर सायकल."

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. काकूंनी ताट पुढे सरकवलं, तर म्हणाले, "मीच घालवला गं त्याला. एवढी वर्षं गप्प बसलो असतो तर निदान उभा तरी राहिला असता."

"गप्प बसला असता तर मी डॉक्टर बोलावला असता," काकू म्हणाल्या. "उठा. शोधायला लागा."

मग आमच्या जेवणाच्या टेबलावर मोहीम सुरू झाली. काका पत्ता काढत, मी त्या त्या देशाच्या वेळा बघून फोन लावून देई, काकू चहा करत आणि विकणाऱ्यांवर शेरे मारत. वेल्समधल्या एका म्हाताऱ्याकडे शाळेच्या कवायतीतली एक ईशापूरची रायफल निघाली. व्हिडिओ कॉलवर काकांनी त्याला ती खिडकीशी न्यायला लावली, उलटी करायला लावली, टोपीवर ओला कपडा फिरवायला लावला.

"तुम्ही डॉक्टर आहात का हो?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही. बँकेत होतो."

"त्याहून वाईट," म्हातारा म्हणाला आणि दोघं हसले.

चारही नंबर जुळले. खुंटी, वेल्डिंग, दाखला, सगळं ठीक. फक्त दस्ता परका होता. रायफलचा जो लाकडी भाग खांद्याला टेकतो, तो. मूळचा मोडल्यावर शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात कुणीतरी फिकट लाकडाचा नवा करून बसवलेला. बाईंच्या परवान्यावर, पोलिसांची मंजुरी घेऊन रायफल इथे आली. काकांनी पेटी उघडली, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आली. पण लंगडत आली."

दस्ता काही मिळेना. महिने जायला लागले. शेवटी काकूंनी त्यांना बळजबरीने सुट्टीवर नेलं, मलेशियात इपोहला, तिथल्या गुहांमधली देवळं बघायला. देवळं काकूंनी एकटीने बघितली. कारण पहिल्याच सकाळी, कोपीटियाममध्ये, म्हणजे तिथल्या कॉफीच्या जुन्या दुकानात बसलेले असताना, काकांची नजर मागच्या दाराकडे गेली. दार वाऱ्याने मिटू नये म्हणून खाली लाकडाचा एक ओंडका अडकवला होता. धुराने काळा, बुडाला झिजलेला. काका कप ठेवून उठले, खाली बसले आणि टॉर्च काढली.

मला त्यांचा फोन आला तेव्हा आधी वाटलं, काकूंना काही झालं. "ऑडिटर," ते म्हणाले, आणि त्यांचा श्वास लागला होता, "इथे दस्ता दार अडवतोय."

दुकानदार म्हणाला की हे लाकूड त्याच्या वडिलांच्या आधीपासून दाराला आहे, घेऊन जा. दुसऱ्या कुणी तो बॅगेत टाकून बस पकडली असती. काकांनी त्याला हात लावला नाही. नुसतं लाकूड असलं तरी रायफलचा भाग आहे, दोन्ही देशांत विचारल्याशिवाय हलवायचं नाही. परत आले, पत्रं लिहिली, बाईंच्या सह्या घेतल्या. मंजुरी येईपर्यंत दर आठवड्याला कोपीटियामला फोन. "दार नीट अडतंय ना? भिजू देऊ नका हं त्याला." इकडे सुताराकडून त्याच मापाचा नवा ओंडकाही करून घेतला, कारण एका माणसाचं दार उघडं ठेवणारी वस्तू काढून घेताना त्याचं दार आपटत ठेवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. आम्ही दोघं बसने आणायला गेलो. परत येताना सीमेवरच्या अधिकाऱ्याने आधी कागदांची जाड फाइल चाळली, मग ओंडका बघितला, मग परत फाइल. "हेच?" तो म्हणाला. "हेच," काका म्हणाले, एखाद्या मंत्र्याची ओळख करून द्यावी तसे.

धूर पुसल्यावर अक्रोडाचं लाकूड निघालं आणि बाजूला ठोकलेला एक नंबर. पुसट, पण वाचता येणारा. रायफल ठेवायच्या घोडीवरचा क्रमांक असावा. मी म्हटलं, "काका, म्हणजे हा खरंच आपल्या कुणा शिपायाचा असू शकतो. मलायातच तर पडला होता." त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "'असू शकतो' हे संग्रहालयात लिहायचं नसतं." पण त्या दिवसानंतर ते त्या नंबरवरून बोट फिरवत नसत. त्याच्या कडेकडेने फिरवत.

रायफल संग्रहालयाबाहेर नेता येत नाही, म्हणून काम तिथल्या मागच्या खोलीत, शनिवारी, बाईंच्या देखत. हातात पांढरे मोजे. पॉलिश पेपरला त्या खोलीत प्रवेश नाही. "पेपर फिरवला की लाकूड नवं होतं आणि रायफल खोटी होते." लाकडात दबलेले खड्डे ओला कपडा ठेवून इस्त्रीच्या वाफेने उठवायचे. इस्त्री काकूंची. पुढे आमच्या सगळ्यांच्या कपड्यांना जळक्या लाकडाचा वास येई. मी प्रत्येक पायरीचे फोटो काढले आणि स्क्रू गोळ्यांच्या डब्यांत चिठ्ठ्या लावून ठेवले. काका कुणाचं कौतुक करत नसत, पण एकदा एक स्क्रू लगेच मिळाला तेव्हा म्हणाले, "तू बँकेत असतीस तर मी तुला वरची जागा दिली असती." मी हे वाक्य अजून जपून ठेवलं आहे.

दस्ता सांगाड्यात बसला त्या दिवशी 'टक' असा बारीक आवाज झाला. वेल्सची रायफल आणि इपोहचं लाकूड. काका दचकले नाहीत, म्हणून तो दिवस लक्षात आहे. मग सुरू झालं जवसाचं तेल. थेंब थेंब द्यायचं, मुरू द्यायचं, आठवड्याने पुन्हा. सिंगापूरच्या दमट हवेत ते वाळता वाळत नाही.

त्या वर्षी खंडेनवमी शनिवारी आली. घरी दरवर्षी काकू विळी, कात्री आणि शिवणयंत्र पुजत, आणि काका आपली टॉर्च आणि लॅपटॉप त्यांत ठेवत. त्या सकाळी ते टेक्काच्या बाजारातून झेंडूची फुलं घेऊन संग्रहालयात आले. खिशात काकूंचा हळदीकुंकवाचा करंडा. बाई बाहेर पाहुण्यांना संग्रहालय दाखवत होत्या, खोलीत आम्ही दोघंच होतो. ज्या माणसाने मला त्या रायफलीला कधी उघड्या हाताने शिवू दिलं नाही, त्याने उजव्या हाताचा मोजा काढला, करंड्यातली हळद बोटांवर घेतली, पाण्याचा थेंब लावला, आणि माझी आई जशी कात्रीला लावायची तशी दोन बोटं दस्त्यावर टेकवली. मग कुंकू, मग फूल. हात जोडून उभे राहिले. मीही जोडले. रायफल उडत नव्हती, पण त्या दिवशी तिला कुणी मेलेली म्हटलं नसतं.

पुढच्या शनिवारी फूल सुकलं होतं. कुंकू फुंकरीने उडालं. हळद तिथेच होती. तेल वरून वाळलेलं वाटत होतं, आतून ओलं होतं, आणि हळद तेलाबरोबर लाकडात उतरली होती. दोन बोटांचा पिवळा ठसा, बरोबर नंबरवर.

काका स्टुलावर बसले. मोजे काढले, घडी करून मांडीवर ठेवले.

मी लगेच उपायांकडे वळले, माझा तो स्वभाव. "काका, अगदी बारीक पेपर, एकदाच, हलक्या हाताने."

"हळद जाईल. नंबरही जाईल."

"मग तेल जरा गडद करू. झाकलं जाईल. बाईंना दिसणारसुद्धा नाही."

"झाकायचं?" ते म्हणाले. चिडून नव्हे, नवल वाटल्यासारखे. "जन्मभर लोकांनी झाकलेलं उघडं केलं मी. आता माझं झाकू?"

आणि उठून बाईंना बोलवायला गेले. वर्ष संपायला फार दिवस नव्हते. सायकल खालच्या मजल्यावर येऊन टेकली होती, आरसा पुसलेला, घंटी चकचकीत. येता-जाता आम्हाला ती दिसे.

बाई आल्या. काकांनी दिवा जवळ ओढला आणि डाग स्वतःच दाखवला. "मी तुमची रायफल खराब केली आहे."

बाई वाकल्या. "पिवळं का?"

"टर्मरिक."

"करी?"

"नाही. पूजा. आमच्यात एका दिवशी शस्त्रांची करतात. ओल्या तेलावर केली, ती चूक माझी."

"सँड करून निघेल?"

"निघेल. खालचा नंबरही निघेल."

"नंबर कुणाला दिसतो, अंकल?"

"मला."

बाई पुन्हा डागावर वाकल्या. काका बोलले. आवाज बँकेतला झाला होता, ज्या आवाजात ते अर्ज नामंजूर करत असणार. "वेल्सहून आलेलं सगळं लोखंड मी खात्रीने सांगू शकतो. मलायात पडून राहिलेली वस्तू ही एकच आहे, आणि तिच्यावर लिहिलेलं हे एवढंच आहे. घासून स्वच्छ केलेली रायफल मी त्याच्या हातात देणार नाही. तुम्हाला डाग चालत नसेल तर सायकल ठेवा."

एवढ्या महिन्यांची धडपड, वेल्स, इपोह, फायली, इस्त्री, आणि हा माणूस स्वतःच्या तोंडाने सायकल म्हणतोय. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट त्या स्टुलाशी उभ्या असलेल्या, ढगळ शर्टातल्या माणसाच्या शेजारी मी उभी आहे याचा मला इतका अभिमान वाटला, की मी उगीचच पाठ ताठ केली.

बाई वळल्या आणि बाहेर गेल्या. संपलं, असं मला वाटलं. त्या परत आल्या तेव्हा हातात एक जपानी हेल्मेट होतं. काकांसमोर ठेवलं.

"हे काय आहे, सांगा."

"हेल्मेट. उजव्या बाजूला लाल रंग सांडलेला. वर्णनात तसं लिहिलंय मी."

"रंग नाही. मेण. माझे वडील सातव्या महिन्यात, भुतांच्या महिन्यात, इथल्या सगळ्या वस्तूंपुढे संत्री आणि लाल मेणबत्त्या ठेवायचे."

"जपान्यांपुढेसुद्धा?"

"सगळ्यांपुढे. मेलेला माणूस भुकेला असतो, त्याला पासपोर्ट विचारायचा नाही, म्हणायचे. एका वर्षी मेणबत्ती पडली. मी काढू दिलं नाही कुणाला."

काकांनी टॉर्च काढली. हेल्मेट उजेडात तिरपं केलं, नखाने अगदी हलकेच टोकरलं, नख नाकाशी नेलं. कान लाल झाले. "मेणच आहे," ते म्हणाले. "मी रंग लिहिलं."

"इतकी वर्षं रंग लिहिलंय तुम्ही, अंकल. मी काही बोलले का?"

मी हसले. काकांना हसू आवरेना, आणि ते आवरायच्या प्रयत्नात त्यांचा चष्मा घसरला. बाईंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. "मोजे घाला. पेटी उघडते."

जुनी रायफल निघाली, नवी आत गेली. तिथेही अडलं. पुतळ्याची बोटं आधीच्या रायफलीच्या मापाची होती, हिच्याभोवती बसेनात. काकांनी पोटावर आडवं पडून एकेक बोट सैल केलं, बाईंनी वरून खांदा धरला, मी दिवा. शेवटी दस्ता त्याच्या बुटाशी टेकला आणि हात वरती मिटला. हळदीची दोन बोटं काचेच्या बाजूला आली होती, उघड, सगळ्यांना दिसतील अशी. बाईंनी विचारलं, पाटीवर याचं काय लिहू. काका म्हणाले, "हळद. शस्त्रपूजेची. चूक, दुरुस्ती करणाऱ्याची." बाईंनी तसंच लिहिलं. 'चूक' हा शब्द गाळा म्हणून मी दोघांनाही सांगून पाहिलं, कुणी ऐकलं नाही. आजही माझ्याकडे पुण्याहून कुणी आलं की मी आधी त्यांना तिथे नेते, मग बाकीचं सिंगापूर दाखवते.

जिन्यात काकांनी काकूंना फोन लावला. पलीकडून "काय झालं?" ऐकू आलं. काकांनी फोन माझ्या हातात दिला. भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिले.

"काकू," मी म्हटलं, "आपला शिपाई राहिला."

पलीकडे दार उघडल्याचा आवाज, आणि फ्लॅटबाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये काकूंचा खणखणीत आवाज, शेजारच्या चिनी आंटींना उद्देशून: "आंटी! माय हसबंड सोल्जर स्टे!"

"वा!" आंटी ओरडल्या. "प्रमोशन आ?"

"येस," काकू म्हणाल्या. "बिग प्रमोशन."